पोड फुटू देऊ नका : ग्रामपंचायत निवडणुकीआधीची कामं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात पटवारी होतो. कागदावर तलाठी, आता तर ग्राम महसूल अधिकारी असं भारी नाव दिलंय, पण पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, अजूनही पटवारीच म्हणतात. वॉर्ड आखायच्या कामात बसत असल्यानं आदिवासीची जागा कुठं हातची जाते ते जवळून पाहिलंय. मतदानाला अजून वेळ असतो, प्रचाराचा पत्ता नसतो, तेव्हा वॉर्डांची प्रारूप रचना फलकावर लागते आणि अर्धा निकाल तिथंच ठरतो. पोडावरच्या, टोल्यावरच्या (गोंडांच्या वस्तीवरच्या) शिकलेल्या पोरापोरींनी काय करायचं ते सांगतो.

पहिले हे पाहा, की तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून सरकारनं जाहीर केलेल्या यादीत, येतं का. भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा इथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आमच्या यवतमाळात मात्र गावागणिक हिशेब आहे. १९८५ च्या आदेशातल्या यादीत एक गाव असतं, धुऱ्यापलीकडचं नसतं. यादीत असाल तर १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू. तिथं सरपंचपद अनुसूचित जमातीलाच, आणि सदस्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, पण निम्म्यापेक्षा कमी नाहीत. यादीत नसाल तर निव्वळ लोकसंख्येचं प्रमाण. कुठंही असा, राखीव जागांतल्या निम्म्या बायांसाठी.

मग गणित करा, दुसऱ्याच्या तोंडावर विसंबू नका. जनगणनेत गावाची एकूण आणि जमातीची लोकसंख्या वेगळी दिलेली असते. नोटिशीत जे जनगणनेचं वर्ष असेल तेच आकडे घ्या. जमातीची लोकसंख्या गुणिले एकूण सदस्य, भागिले गावाची लोकसंख्या. समजा गाव २४०० चं, त्यात ८०० आदिवासी. १५०१ ते ३००० लोकसंख्येला ९ सदस्य. म्हणजे ३ जागा झाल्या. हेच गाव पेसात असतं तर ५.

जागा तीनच्या तीन मिळाल्या म्हणून खुश होऊ नका. खरी गोम पुढं आहे. ९ सदस्य म्हणजे तीन-तीन जागांचे तीन वॉर्ड. वॉर्डातला प्रत्येक मतदार तिन्ही जागांसाठी मत देतो, राखीव जागेसाठीही. उभा राहणारा आदिवासी, पण निवडणारा अख्खा वॉर्ड. आता ३०० वस्तीचं कोलाम पोड मधोमध चिरून दीडशे इकडं, दीडशे तिकडं टाकलं, की दोन्हीकडं पोडाच्या मताला किंमत राहत नाही. राखीव जागेवर मग कोण येतो? ज्याला गावातल्या मोठ्या वाड्यानं उभं केलं तो. दाखला त्याचा अस्सल असतो, कायद्यानं बोट ठेवायला जागा नसते. ग्रामपंचायतीत मात्र तो उपसरपंचाच्या तोंडाकडं पाहून हात वर करतो. तेच पोड ८०० लोकांच्या एका वॉर्डात सलग राहिलं, तर त्याला विचारल्याशिवाय त्या वॉर्डात कोणी अर्ज भरायची हिंमत करत नाही.

म्हणून प्रारूप लागलं की नकाशाचा फोटो काढा आणि घर क्रमांक हातात घेऊन वॉर्डाची हद्द पायी फिरा. टेबलावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात कोणाच्या तरी अंगणातून जाते. तीन गोष्टी बघा. हद्द नाला, रस्ता, पांदण अशी ओळखीची आहे का. वॉर्डाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली एवढ्यातच आहे का, म्हणजे आपल्या उदाहरणात ७२० ते ८८०. आणि जमातीची वस्ती फुटलीय का. वस्ती शक्यतो फोडू नये अशा निवडणूक आयोगाच्या सूचनाच असतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून बसू नका, त्याला तीस दिवस लागतात आणि हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. सरळ तहसीलमध्ये जाऊन कागद पाहायला मागा.

हरकतीत ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहाल तर सुनावणीत दोन मिनिटं जातील. असं लिहा : ‘घर क्रमांक अमुक ते तमुक ही कोलामांची सलग वस्ती असून ती वॉर्ड २ व ३ मध्ये विभागली आहे. नाल्याची हद्द धरून ती पूर्ण वॉर्ड ३ मध्ये घ्यावी व त्याबदल्यात अमुक घरं वॉर्ड २ मध्ये द्यावीत. तसं केल्यास दोन्ही वॉर्डांची लोकसंख्या मर्यादेत राहते.’ सोबत हातानं काढलेला नकाशा लावा. साहेबाला आयता पर्याय दिला की काम हलतं, हे मी खुर्चीत बसून शिकलो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. सुनावणीला पाटलाला मधे घेऊ नका, पोडाचा नाईक आणि दोन बाया घेऊन जा.

पुढं विशेष ग्रामसभेत आरक्षण निघतं. जमातीच्या जागा जिथं जमातीची टक्केवारी जास्त त्या वॉर्डापासून उतरत्या क्रमानं, मागच्या निवडणुकीचं चक्र पाहून दिल्या जातात. चिठ्ठी बहुतेक बायांच्या आरक्षणासाठी असते. टक्केवारी फळ्यावर लिहून दाखवा म्हणा. वेचणीचे दिवस असले तरी त्या दिवशी मजुरी सोडा.

मतदार यादीचं एका वाक्यात : नाव नसेल तर विधानसभेच्या यादीत वेळेआधीच घालावं लागतं, आणि नाव दुसऱ्याच वॉर्डात पडलं असेल तर प्रारूप यादीवर हरकत घ्यावी लागते.

कोलामांना एक वेगळी गोष्ट सांगणं भाग आहे. आरक्षण सगळ्या अनुसूचित जमातींना मिळून आहे, एकट्या कोलामाला नाही. गोंड, परधान, आंध यांची घरं जास्त तिथं राखीव जागेवरही कोलाम निवडून येत नाही. यावर कायद्यात तोड नाही. अर्ज भरायच्या आधी गोंड टोल्याशी बोलणी करा, एका वॉर्डात ते, दुसऱ्यात तुम्ही. हे जमलं तिथं जमलं, नाही तिथं दोघांच्या भांडणात वाड्याचाच माणूस येतो.

उमेदवार ठरवताना बघा : १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर सातवी पास पाहिजे, आणि घरच्या संडासाचा दाखलाही लागतो. सगळ्यात अवघड आहे ती जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र. ती नसेल तर पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र लावून उभं राहता येतं, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही की पद जातं. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा जमातीचा पुरावा शोधावा लागतो. कोलामाकडं जमिनीचे जुने कागद कुठून असणार? तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, आजाची किंवा आजाच्या भावाची जन्ममृत्यूची नोंद त्यात सापडते. जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही पाहा. नक्कल मागताना नावाचे सगळे उच्चार लिहून द्या, कारण तेव्हाच्या कोतवालानं कानाला आलं तसं लिहिलंय. आणि हे काम निवडणूक लागायची वाट न पाहता, पोडातल्या निदान चार जणांसाठी आताच सुरू करा, त्यात दोन बाया पाहिजेत, कारण सोडतीत जागा बाईची निघाली तर ऐनवेळी वैधता असलेली बाई आणायची कुठून?