ऑस्कर वाओ वाचताना: पेन्सिल, पुठ्ठा आणि थोडी चिडचिड

जुनो दियाझची ‘द ब्रीफ वंड्रस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ’ ही कादंबरी (2007, पुढच्या वर्षी पुलित्झर) वाचताना पहिली ठेच लागते ती दुसऱ्या प्रकरणाच्या तोंडाशी. पहिल्या प्रकरणात न्यू जर्सीतल्या पॅटर्सनमधला जाडा, विज्ञानकथांत बुडालेला ऑस्कर नुकता ओळखीचा झालेला असतो. पान उलटलं की आई कुणाला तरी न्हाणीघरात बोलावते, छातीतली गाठ चाचपायला सांगते, आणि मजकूर ‘तू, तू’ करत चालतो. ही ऑस्करची बहीण लोला. थोड्या वेळाने ती ‘मी’वर येते. पानं गाळली गेली की काय म्हणून मागे जाऊ नका.

सुरुवातीलाच पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेऊन प्रकरणांची वर्षं मांडा: ऑस्कर 1974–87, लोला 1982–85, आई बेली 1955–62, मग निवेदक युनियर आणि ऑस्कर 1988–92, आजोबा अबेलार्ड 1944–46, पुन्हा ऑस्कर 1992–95. मागच्या बाजूला वंशावळ. इथे एक चूक हमखास होते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावची ला इंका हिला मुलं आजी म्हणतात, म्हणून तिला बेलीची आई धरलं जातं. ती अबेलार्डची ‘कझिन’, म्हणजे बेलीची नात्याने आत्या. चुलत की मावस, ते इंग्रजी शब्द सांगत नाही; सोडून द्या.

स्पॅनिश शब्द तिरप्या टायपात नाहीत, त्यांचे अर्थही सहसा दिलेले नाहीत. प्रत्येकासाठी शब्दकोश उघडलात तर संवादाची लय मरते. ‘फुकू’ आणि ‘साफा’ मात्र पक्के हवेत. फुकू म्हणजे घराण्याला लागलेला शाप. साफा म्हणजे त्यावरचा उतारा, आपल्या ‘इडापिडा टळो’सारखा. हे पुस्तकच एक साफा असावं, असं निवेदकाला वाटतं. टोल्किन आणि कॉमिक्समधल्या नावांपैकी एवढं पुरे: डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याला निवेदक सॉरॉन, म्हणजे टोल्किनचा खलनायक म्हणतो.

तळटीपा मात्र गाळू नका. त्रुहियोची 1930 ते 1961ची राजवट बरीचशी तिथेच आहे. परिच्छेद पुरा करा, मग टीप वाचा. वाक्याच्या मध्येच खाली उतरलात तर दोन्ही हातचं जातं. एका टीपेत निवेदक कबूल करतो की एक प्रसंग आधी त्याने हाराबाकोआला घातला होता, पण तिथे समुद्रकिनाराच नाही असं मैत्रिणीने दाखवून दिलं. अशी कबुली दिसली की समासात फुली मारा. हा माणूस कथा रचतोय, साक्ष देत नाहीये.

या फुल्यांचा खरा उपयोग अबेलार्डच्या प्रकरणात होतो. हा डॉक्टर देखण्या मुलीला त्रुहियोच्या नजरेपासून लपवतो. पण त्याच्या अटकेचं कारण सांगितलं जातं ते वेगळंच: पॅकार्ड गाडीची डिकी उघडताना ‘आत प्रेतं नाहीत ना’ अशा अर्थाने केलेला विनोद. मुलगी, विनोद की फुकू? निवेदक निकाल देत नाही, तुम्हीही देऊ नका.

आता चिडचिडीबद्दल. निवेदक युनियर हा लोलाचा माजी प्रियकर आणि बाहेरख्याली. बायकांची शरीरं तो ज्या भाषेत मोजतो ती नकोशी होते. अशा प्रत्येक ठिकाणी ‘यु’ लिहा आणि तेच पान लोलाच्या ‘मी’च्या भागाशेजारी ठेवून वाचा. नाहीतर अभिप्रायात ‘लेखक बायकांबद्दल असं लिहितो’ एवढंच उरतं. मात्र ‘निवेदकच तसा आहे’ म्हणून सगळं माफही होत नाही. ऑस्कर शेवटी जिच्या प्रेमात पडतो त्या इबोनला युनियरच्या नजरेबाहेर जागा मिळालेली नाही, आणि शेवटाचं ओझं मात्र तिच्यावर. बेलीला ती जागा मिळाली आहे. तिचं प्रकरण पुस्तकातलं सर्वांत दमदार. ऑस्कर त्यापुढे फिका पडतो.

अभिप्राय ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ने सुरू करू नका. एक ‘यु’चं पान आणि बेलीच्या प्रकरणातलं एक पान निवडा, दोन्ही उतारे समोरासमोर लिहा, आणि दुसऱ्यात काय आहे जे पहिल्यात नाही, ते तीन-चार वाक्यांत मांडा. तारे द्यायचेच असतील तर त्यानंतर.