लग्न नवं, अभ्यास चालू: बालविकास हा विषय घरात मूल नसताना कसा शिकायचा

आमच्या लग्नाला चार महिने झालेत, दोघंही अजून शिकतोय आणि माझा विषय बालविकास. टेबलावर बाळांचे फोटो असलेली पुस्तकं दिसली की घरी आलेल्या माणसाला वाटतं गोड बातमी आहे, मग त्याला सिलॅबस काढून दाखवावा लागतो. ज्यांच्या पेपरात मुलं आहेत पण घरात नाहीत, अशांसाठी हे लिहितेय.

1. आधी वेळेचं बघा
दोघांचं टाइमटेबल एकाच कागदावर लिहा, नाहीतर एकाचं सबमिशन आणि दुसऱ्याचे पाहुणे नेमके एकाच दिवशी येतात. रोज दीड तास कुणी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवा. पहिले काही दिवस शेजारी गप्प बसणं म्हणजे भांडण झाल्यासारखं वाटतं, मग सवय होते. घरकाम पण लिहून वाटून घ्या, कारण "जमेल तसं करू" म्हटलं की ते कायम एकालाच जमतं.

2. थिअरीपासून सुरुवात करू नका
मी तेच केलं होतं. पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी, म्हणजे मूल कसं वाढतं याच्या थिअरी मांडणारे सगळे एका आठवड्यात वाचले आणि कुणाच्या किती पायऱ्या याची पार खिचडी झाली. त्यापेक्षा एकच वयोगट धरा, जन्म ते 2 वर्षं, आणि त्या वयात शरीर, भाषा, विचार, भावना यांचं काय चाललंय ते एकत्र वाचा. एक नियम डोक्यात पक्का बसवा, शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे येत जातो. म्हणून आधी मान धरते, मग बसणं, मग चालणं, आणि बाळ अख्खा हात आपटायला लागल्यावर कितीतरी दिवसांनी, साधारण 9-10 महिन्यांचं झाल्यावर, चिमटीत बारीक वस्तू उचलतं. हे कळलं की कुठल्या महिन्यात काय येतं याचा अर्धा तक्ता पाठ करावा लागत नाही.

3. खरं मूल बघा, आणि जोडीदाराला सोबत न्या
नात्यातलं, शेजारचं, पाळणाघरातलं, कुठलंही चालेल, फक्त आईवडिलांना विचारून, वहीत मुलाचं खरं नाव न लिहिता, आणि फोटो-व्हिडिओ नकोच. 10-15 मिनिटं पुरतात. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते.

ही रेघ मी आधी मारत नव्हते. पहिल्याच निरीक्षणात मी लिहिलं, "बाळाला कंटाळा आला, चिडून चमचा फेकला." मॅडमनी त्यावर लाल गोल करून शेजारी लिहिलं, हे तुला कसं कळलं? नवरा त्या दिवशी सोबत होता, तो इंजिनिअरिंगवाला, त्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण तो सहज म्हणाला की अगं तिनं सहा वेळा टाकला चमचा, दर वेळी वाकून कुठे पडला ते बघितलं, आणि शेवटी शेवटी तर हात वर नेऊन, मग बाजूला नेऊन सोडत होती. म्हणजे चिडणं वगैरे काही नव्हतंच, पोरीचा प्रयोग चालू होता! पियाजेनं असलंच सगळं स्वतःच्या तीन मुलांकडे बघत टिपून ठेवलं होतं. त्याच्याही आधी डार्विननं 1839 साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि 1877 मध्ये छापल्या. मला थिअरी माहीत होती म्हणून मी बघायच्या आधीच अर्थ लावून मोकळी झाले, त्याला माहीत नव्हती म्हणून त्यानं मोजलं.

4. छोटे प्रयोग
8-9 महिन्यांच्या बाळासमोर खेळणं रुमालाखाली लपवा, ते रुमाल ओढतं का बघा. त्याहून लहान बाळ बहुतेक वेळा शोधत नाही, पण म्हणून त्याला काहीच कळत नाही असं पेपरात लिहू नका, कारण पियाजेनंतरच्या संशोधकांनी बाळ किती वेळ टक लावून बघतं हे मोजलं तेव्हा लपलेली वस्तू तिथेच असते ही समज बरीच आधी येत असावी असं दिसलं. 4-5 वर्षांच्या मुलासमोर सारख्या दोन ग्लासांतलं पाणी दाखवा, मग एकातलं उंच अरुंद ग्लासात ओता. बहुतेक मुलं "उंचवाल्यात जास्त" म्हणतात. प्रश्न परत परत विचारू नका, मुलाला वाटतं आपलं चुकलं आणि ते उत्तर बदलतं. मूल कंटाळलं की थांबायचं, आपली परीक्षा असते, त्याची नसते.

5. वयाचे आकडे जपून वापरा
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या आकड्यांनुसार आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिने या पट्ट्यात कधीही येऊ शकतं, आणि काही मुलं रांगतच नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय पहिली 2 वर्षं ड्यू डेटपासून मोजतात. त्यामुळे कुणाच्या घरी जाऊन "अजून चालत नाही का?" अजिबात म्हणू नका. दोन पुस्तकं वाचून आपण डॉक्टर होत नाही. मात्र आधी येणारे शब्द किंवा हालचाली मुलानं सोडून दिल्यात असं पालक स्वतः सांगत असतील तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा म्हणावं.

6. रोज दहा मिनिटं समजावून सांगा
जड शब्द न वापरता, आणि जोडीदाराला कळलं नाही तर आपल्यालाच नीट आलेलं नाही असं धरायचं. व्हायगॉट्स्कीचा मुद्दा मला असाच कळला. स्टॅटिस्टिक्सची जी गणितं मला एकटीला सुटत नव्हती ती नवऱ्यानं शेजारी बसून एक हिंट दिली की सुटायची, एकटीला येतं आणि मदतीनं येतं यांच्या मधली ती जागा. जाता जाता, त्या मदतीला म्हणतात तो 'स्कॅफोल्डिंग' शब्द व्हायगॉट्स्कीचा नाही, तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखातला, पेपरात इथे खूप जण घसरतात.

परीक्षेच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. वही काढा आणि प्रत्येक थिअरीखाली स्वतः बघितलेलं एकेक उदाहरण लिहा. मी पियाजेखाली चमचा लिहिला, सहाच्या सहा वेळा, आणि नवरा त्या प्रश्नाचे अर्धे मार्क मागतोय.