१२०चा रोल: भरण्यापासून लॅबपर्यंत फ्रेम कुठे वाया जातात

३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ फ्रेम असतात, दोन-चार गेल्या तरी चालतं. १२०च्या, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या रुंद रोलवर ६×४.५ सेंटीमीटरच्या १५-१६, ६×६च्या १२ आणि ६×७च्या जेमतेम १० फ्रेम मिळतात. इथे एक फ्रेमही जड जाते. आणि त्यातल्या बहुतेक लेन्समुळे जात नाहीत, रोल भरताना आणि काढताना जातात. म्हणून सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्या.

३५च्या फिल्मला धातूची डबी असते. १२०च्या फिल्मला फक्त पाठीमागचा कागद. कागदाच्या दोन्ही कडा स्पूलच्या, म्हणजे फिल्मच्या रिळाच्या चकत्यांना घट्ट चिकटून राहतात, तेवढ्यावरच उजेड अडतो. रोल सैल गुंडाळला गेला की कडेने उजेड शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर काळे ओघळ दिसतात.

रोल सावलीत भरा. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या अंगाची सावली करा. रिकामा स्पूल गुंडाळण्याच्या बाजूला आणा, भरलेला रोल समोरच्या बाजूला बसवा. कागदाची काळी बाजू लेन्सकडे आली पाहिजे. हे उलटं झालं तर फिल्म कागदाच्या मागे राहते आणि अख्खा रोल कोरा निघतो. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत सरळ घाला. तिरकं गेलं तर कागद एका बाजूला चढत जातो आणि पाच-सहा फ्रेमनंतर कड दुमडते. एक-दोन वेढे देताना दुसऱ्या हाताचा अंगठा भरलेल्या रोलवर हलकासा दाबून ठेवा. हा ताण सोडला की रोल सैल झालाच म्हणून समजा. मग कागदावरचा बाण कॅमेऱ्याच्या खुणेसमोर येईपर्यंत फिरवा, मागचं झाकण लावा आणि १ आकडा येईपर्यंत पुढे न्या.

बाण खुणेच्या अलीकडे राहिला तर पहिली फ्रेम फिल्म चिकटवलेल्या पट्टीवर येते. पलीकडे गेला तर शेवटची फ्रेम कापली जाते. रोलाइफ्लेक्स ३.५एफ किंवा २.८एफ या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांमध्ये बाण जुळवायचा नसतो. तिथे कागद खालच्या दोन रुळांच्या मधून न्यायचा असतो, कारण फिल्मची जाडी तिथेच कळते आणि आकडे सुरू होतात. कागद रुळांच्या वरून गेला तर फिल्म न थांबता शेवटपर्यंत गुंडाळली जाते.

बडोद्याला तयार झालेला आगफा क्लिक-३ अजून कित्येक घरांत माळ्यावर असतो. तोही १२०चाच, ६×६च्या १२ फ्रेमचा. त्याच्या पाठीमागे कागदावरचे आकडे बघायची लाल खिडकी आहे. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मना लाल रंग दिसतच नव्हता, म्हणून ती खिडकी चालून जायची. आजच्या फिल्मना लाल दिसतो. खिडकीवर काळी टेप लावा, रोल पुढे नेताना सावलीत तेवढी उचला आणि लगेच परत दाबा.

शेवटच्या फ्रेमनंतर घाई करू नका. हँडल एकदम हलकं झालं की कागदाचं टोक सुटलं, त्यानंतर आणखी दोन-तीन वेढे द्या. झाकण उघडताच रोलवर अंगठा ठेवा, टोक आतल्या बाजूला दुमडा, पट्टी चिकटवा. रोल सैल दिसला तर पिळून घट्ट करू नका, फिल्मचे थर एकमेकांवर घासून ओरखडे पडतात. अंधारात काळ्या पिशवीत किंवा फॉइलमध्ये गुंडाळा आणि लॅबला तसं सांगा. प्रत्येक रोल सैलच निघत असेल तर स्पूलला दाबणारी स्प्रिंगची पत्ती ढिली झालेली असते. मेकॅनिककडून ती नीट करून घ्या.

हॅसलब्लाड किंवा मामिया आरबी६७ला सुटी होणारी बॅक, म्हणजे फिल्मचा मागचा डबा असतो. बॅकची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, आत ढकलताना सगळी कड एकदम टेकवून सरळ घाला. कोपरा आधी घुसवला तर फटीतलं उजेड अडवणारं सील त्याच जागी उघडतं आणि तिथून उजेडाची रेघ येते. उजेड कुठून गळतोय हे निगेटिव्हच सांगते: डाग फ्रेमच्या बाहेर, फिल्मच्या कोऱ्या काठावरही पसरला असेल तर दोष बॅकचा, फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल तर बॉडी, बेलोज (लेन्समागचा घडीचा भाता) किंवा लेन्स तपासा. जुनं स्पंज सील बोटाला चिकट लागत असेल किंवा चुरा होत असेल, तर रोल भरण्याआधी बदलाच.

हॅसलब्लाड ५०० मालिकेत लेन्स बदलण्याआधी कॅमेरा वाइंड केलेला, म्हणजे हँडल फिरवून शटर चढवलेला हवा. बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या असल्या तरच एकमेकींत बसतात. अडकलं तर जोर लावू नका, बारीक दात तुटतात.

आता फोकस. ८० मिलिमीटरची लेन्स, एफ २.८चं छिद्र आणि दीड मीटर अंतर, एवढ्यावर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, साधारण ९ सेंटीमीटर मिळते. एफ ८ला ती २७च्या आसपास जाते. म्हणजे डोळ्यावर फोकस करून माणूस जरासा पुढे झुकला की फोकस कानावर. वरून बघायच्या फाइंडरचं भिंग प्रत्येक वेळी उघडा, नुसत्या काचेवर अंदाजाने जाऊ नका. त्यातली प्रतिमा डावी-उजवी उलटी असते, हात चुकीच्या दिशेला वळतो. फिल्म न घालता आठवडाभर रोज दहा मिनिटं घरातल्या माणसांवर फोकस करत राहा, हात आपोआप बसतो. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात जवळून काढताना डोकं कापलं जातं, कारण बघायची लेन्स वर असते. फोकस झाल्यावर कॅमेरा दोन लेन्सच्या केंद्रांमधल्या अंतराइतका वर उचला.

९० मिलिमीटर लेन्ससह आरबी६७ अडीच किलोच्या घरात जातो. शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद असेल तर ट्रायपॉड घ्याच. त्याच्या लेन्सवरची कडी ‘एम’वर फिरवा आणि केबल रिलीज (शटर सोडायची लवचिक तार) लेन्सला लावा. बॉडीच्या बटणाने फक्त आरसा वर जाईल, दोन सेकंद थांबून केबलने शटर सोडा. बेलोज लांबवलं की उजेड कमी पडतो, हे नवीन माणूस हमखास विसरतो. ९०ची लेन्स ४६ मिलिमीटर पुढे सरकली की फिल्मपासूनचं अंतर १३६ होतं. १३६ भागिले ९०, त्याचा वर्ग साधारण २.३, म्हणजे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायला हवा.

आपल्याकडच्या उन्हात वेगळीच अडचण येते. लेन्समधल्या शटरचा सर्वांत जास्त वेग बहुधा १/५०० असतो. ४०० आयएसओच्या फिल्मला भर दुपारी १/५०० आणि एफ १६ लागतो. एफ २.८ हवा असेल तर पाच स्टॉप जास्त उजेड पडतो. १०० आयएसओची फिल्म आणि तीन स्टॉप उजेड कमी करणारा एनडी८ फिल्टर बरोबर ठेवा, हिशोब जुळतो. जुन्या यशिका मॅट १२४जीसारख्या कॅमेऱ्यांचा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. तो सेल आता मिळत नाही, आणि दीड व्होल्टचा घातला की मीटर चुकतं सांगतो. हातातला मीटर वापरा. संध्याकाळी एक सेकंदापेक्षा जास्त एक्स्पोजर लागत असेल तर फिल्मचा प्रतिसाद मंदावतो: इलफर्ड एचपी५ प्लसला मीटरने १० सेकंद सांगितले तर २० द्या.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर दोन तास फॉइल फोडू नका. थंड फिल्मवर हवेतलं पाणी जमतं, कागद ओला होतो आणि कागदावरच्या आकड्यांचा छाप निगेटिव्हवर उमटतो. आकाशाच्या सपाट भागात तो ठळक दिसतो. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा.

काढलेला रोल आणि कोरा रोल एकाच पिशवीत टाकू नका. काढलेल्या रोलच्या पट्टीवर कॅमेरा, कोणत्या आयएसओवर काढला ते आणि तारीख लिहा. विमानतळावर सीटी स्कॅनर असेल तर रोल हाताने तपासायला सांगा. उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवू नका, आणि आठवडाभरात लॅबला पोचवा.