फॉकनरच्या ‘ड्राय सप्टेंबर’मधली सामाजिक टीका कशी वाचावी

विल्यम फॉकनरची ही कथा १९३१ साली प्रसिद्ध झाली. मिसिसिपीतलं जेफरसन हे कल्पित गाव, बासष्ट दिवस पावसाचा थेंब नाही, आणि मिनी कूपर या गोऱ्या बाईवर एका काळ्या माणसाने हात टाकल्याची उठलेली एक आवई. त्याच रात्री बर्फाच्या कारखान्यातला काळा पहारेकरी विल मेयस झुंडबळी ठरतो. लेखक स्वतः कुणाला दोष देत नाही, म्हणून कथेवर निबंध लिहायचा तर टीका हुडकून काढावी लागते.

पहिल्या वाचनात पेन्सिल बाजूला ठेवा. दुसऱ्या वाचनात पाचही भागांच्या समासात एकच नोंद करा: इथे काय दाखवलेलं नाही? मिनीच्या बाबतीत नेमकं काय घडलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी विचारतं, खरंच काही झालंय का? झुंडीचा म्होरक्या मॅक्लेंडन उसळतो, झालं-न झालं, काय फरक पडतो! निबंधाचा कणा इथे आहे.

तिसऱ्या भागात खून होतो, पण दिसत नाही. तिथे माणसं मोजा. जाताना मॅक्लेंडनच्या मोटारीत मेयस धरून पाच जण, आणि झुंडीतला बुच बाहेरच्या पायरीवर लटकलेला. वाटेत हॉकशॉ न्हावी उडी टाकतो. परतताना आत चौघं, पायरी रिकामी. न्हावी गेला, बुच आत बसला. तरी एक माणूस कमी. मेयसचं मरण एवढ्या वजाबाकीत सांगितलंय.

निबंध हमखास घसरतात ते हॉकशॉपाशी. मेयसची बाजू घेतो म्हणून त्याला नायक करून टाकतात. पण झटापटीत मेयसचे बेड्यांतले हात त्याच्या तोंडावर बसतात, तेव्हा तोही मेयसला मारतो. हे छोटंसं वाक्य गाळलंत तर टीकेचा रोख फक्त गुंडांवर उरतो. उकाड्यावर खापर फोडणं ही दुसरी चूक. पाऊस पडला असता तर मेयस वाचला असता, असं कथा म्हणत नाही.

इतिहास द्यायचा तर एका ओळीत: झुंडबळीविरोधी डायर विधेयक १९२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात संमत झालं, सिनेटमध्ये अडलं. आणि फॉकनरलाही सोडू नका. मिनीला अख्खा दुसरा भाग मिळतो. मेयसच्या मनात कथा डोकावतही नाही.

शेवटी पहिला आणि पाचवा भाग शेजारी ठेवा. गोऱ्या स्त्रीच्या अब्रूसाठी निघालेला मॅक्लेंडन घरी येतो आणि वाट बघत जागलेल्या बायकोला खुर्चीवर भिरकावतो. तिला जागी राहू नकोस म्हणून आधीच बजावलेलं असतं.