हाडं दिसणाऱ्या रेस्क्यू कुत्र्याचं वजन वाढवायचंय?

रस्त्यावरून आणलेलं कुत्रं अगदी हडकुळं असलं ना, की जीव तुटतो आणि पहिल्याच दिवशी भरपेट घालावंसं वाटतं, पण तेच करू नका. खूप दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम जास्त खाणं जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून 4 वेळा द्या, प्रमाण हळूहळू वाढवा. आधी डॉक्टरकडे न्या (आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच), जंताचं औषध आणि गोचीड-तापासाठी रक्त तपासणी करून घ्या, कारण पोटात जंत असले तर कितीही खाऊ घाला, अंगाला लागत नाही.

उकडलेलं चिकन बिना मिठाचं, हाडं काढून, मऊ भात, उकडलेलं अंडं, नंतर हळूहळू पपी फूड मिसळा, त्यात कॅलरी जास्त असतात. उरलेला सावजी रस्सा मात्र अजिबात नको, तिखट तर आहेच पण कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी ते खाणारच नाही, म्हणून सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी कायम भरलेलं ठेवा. दर आठवड्याला त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्याला दिसायला नको, तेवढं झालं की बास.