फोमची ड्राय फ्लाय: दोरा आवळण्याआधी एवढं वाचा

ड्राय फ्लाय म्हणजे गळावर दोरा-फोम बांधून केलेला, पाण्यावर तरंगणारा खोटा किडा; ट्राउट मासा धरायचं आमिष. बेळगावात ट्राउट नाही, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर कुणीतरी मार्कंडेय नदीच्या काठावर वाट बघत बसायचं. ट्राउटला बारा महिने गार पाणी लागतं. दक्षिणेत त्यासाठी निलगिरी नाहीतर मुन्नार गाठायचं, आणि वर हिमाचल किंवा काश्मीर. हिमाचलात परवाना काढावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते. ते चार महिने आपण घरी बसून फ्लाय बांधायच्या. दिवाळीनंतर खानापूरकडं मलप्रभेचं पाणी निवळलं की तिथल्या छोट्या माशांवर त्या तपासून बघता येतात. भुंगेरा पाण्यात पडला की कुठलाही मासा तोंड घालतो.

आज बांधायचा तो फोमचा काळा भुंगेराच. नवशिक्यानं यापासूनच सुरुवात करावी.

सामानाचं थोडक्यात. १२ नंबरचा ड्राय फ्लायचा गळ घ्या. फोम म्हणजे शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती २ मिमी जाडीची ईव्हीए शीट, काळी. गादीचा किंवा पॅकिंगचा स्पंज चालत नाही, तो पाणी पितो. थर्माकोल भुगा होतो. चपलेचा तळ कापून वापरा म्हणणाऱ्यांनी स्वतः तो कधी बांधलेला नसतो. मोरपीस शेतात गळून पडलेलं मिळालं तर उत्तम. पायांसाठी कपड्याचं रुंद इलॅस्टिक उसवा, आत बारीक रबरी दोरे असतात.

दोऱ्याबाबत मात्र ऐकून घ्या. शहापूर-वडगावात घरोघरी माग, त्यामुळं ‘रेशमाचा धागा घे की, फुकट मिळतोय’ असा सल्लाही फुकट मिळतो. बारीक आणि पीळ घातलेला धागा साडीला शोभतो. फोमवर तो तारेनं साबण कापावा तसा उतरतो. शिंप्याच्या रिळाचंही तेच. फ्लाय बांधायचा १४० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) चपटा दोरा मागवा. गुंडाळताना त्यालाही पीळ बसत जातो, म्हणून अधूनमधून बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरायचं हत्यार, लोंबती सोडून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायची. दोरा परत चपटा होतो.

गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरायच्या छोट्या शिकंज्यात, पकडा. नेढ्याच्या मागून बाकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे गळ वळायला लागतो तिथपर्यंत, दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून घाला. उघड्या गुळगुळीत दांडीवर फोम कधीच बांधू नका, तो गोल फिरतो.

आता फोम. इथंच बहुतेकांच्या फ्लाय वाया जातात आणि इथंच मी सगळ्यात जास्त गळ फुकट घालवले. पट्टीची रुंदी गळाच्या तोंडाइतकी, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यामधल्या अंतराएवढी. १२ नंबरला ४ ते ५ मिमी पुरते. जास्त तरंगावी म्हणून रुंद पट्टी घेतली तर फ्लाय तरंगते, पण माशाच्या जबड्यात गळ शिरतच नाही. पट्टीचं एक टोक तिरकं कापून निमुळतं करा आणि तेवढंच टोक दांडीच्या माथ्यावर धरा, बाकीची पट्टी मागं सोडा.

पहिले दोन वेढे नुसते ठेवायचे, आवळायचे नाहीत. फोम चिमटीत घट्ट, दोरा सैल. तिसऱ्या वेढ्याला दोरा सावकाश खाली ओढा, फोम दबताना दिसेल. मग वेढे थोडं अंतर सोडून मागं न्या, एकाच जागी साठवू नका. ‘जोर लावून आवळ, नाहीतर सुटेल’ हे वाक्य ज्यानं पसरवलंय त्याला माझ्यासमोर बसवा. जोर लावला की फोम चिरतो, आणि चिर लगेच दिसत नाही. पहिल्या चार फेकींत पाठ उघडून येते, तेव्हा कळतं. पकड येते ती वेढ्यांच्या संख्येनं आणि खालच्या दोऱ्यावर लावलेल्या सुपरग्लूच्या बारीक थेंबानं. थेंब दांडीवरच लावायचा. फोमला ग्लू पाजला तर तो कडक होतो.

बाक सुरू होतो तिथं थांबा. त्याच्या खाली एक वेढाही गेला तर फोमचा गोळा गळाचं तोंड बुजवतो.

मोरपिसाचे तीन-चार तंतू त्याच जागी बांधा, दोऱ्याभोवती पीळ द्या आणि पुढं गुंडाळत या. नेढ्यामागं २-३ मिमी जागा मोकळी ठेवायची.

मग पट्टी पुढं आणून पाठ करायची. ती ओढू नका. हात शिवशिवतात, ताणली की पाठ तुकतुकीत दिसते, पण ताणलेला फोम पातळ होतो, आतल्या हवेच्या पेशी दबतात आणि तरंगणं कमी होतं. शिवाय तो सतत मागं खेचत राहतो आणि पुढचे वेढे सैल पडतात. पट्टी मोरपिसावर अलगद टेकवा, अंगठ्यानं दाबून धरा, आणि इथंही तेच: दोन सैल, तिसरा सावकाश. बांधून झाल्यावर खालून बघा. तोंड उघडं दिसलं नाही तर सोडून पुन्हा बांधा, कात्रीनं खालून फोम कोरत बसू नका. गळ १४ नंबरचा, म्हणजे याहून लहान, असेल तर १ मिमीची शीट घ्या, २ मिमीचा त्यावर डोंगर होतो.

दोन्ही बाजूंना एकेक रबरी दोरा बांधून पाय करा. पाठीवर नारिंगी फोमचा तुकडा त्याच वेढ्यांत अडकवा. तो आपल्याला फ्लाय दिसावी म्हणून. मासा खालून बघतो, त्याला पाठीच्या रंगाशी देणंघेणं नाही. पट्टीचं पुढचं टोक डोक्याएवढं ठेवून कापा, डोक्याखाली व्हिप फिनिश, म्हणजे दोऱ्याची शेवटची गाठ, करा.

बादलीत टाकून बोटानं बुडवा. सोडल्यावर पाय खाली ठेवून वर आली तर ठीक. कलंडत असेल तर एका बाजूचा पाय लांब आहे, तो छाटा. गाठीवर वार्निशचा थेंब लावलात तर तो सुकण्याआधी मोरपिसाचा देठ नेढ्यातून फिरवा. नदीकाठी गार बोटांनी सुकलेलं वार्निश कोरताना नेढं मोकळं होत नाही, गळ वाकतो.