जाम आणि गुलाबजांब यांची झाडे कशी ओळखावीत

कोकणात उन्हाळ्यात विकायला येणारा घंटेच्या आकाराचा जाम आणि जुन्या वाडीत क्वचित भेटणारा गुलाबजांब ही दोन्ही झाडे जांभळाच्याच सिझिजियम या प्रजातीतील असून नावांच्या सारखेपणामुळे रोपे घेताना त्यांची हमखास गल्लत होते. (विदर्भात जांब म्हणजे पेरू, तोही याच कुलातला, पण त्याची प्रजाती वेगळी आहे.)

झाडाला फळ नसेल तर प्रथम पान पाहावे. दोघांची पाने समोरासमोर येतात. मात्र गुलाबजांबाचे पान अरुंद, भाल्यासारखे व टोकाकडे लांब निमुळते होत गेलेले असते, त्याची लांबी रुंदीच्या चौपट-पाचपट भरते आणि देठ स्पष्ट दिसतो. जामाचे पान चांगले रुंद असते, त्याचा तळ गोलसर किंवा किंचित हृदयाकृती असतो आणि जाड देठ इतका आखूड असतो की पान थेट फांदीलाच चिकटले आहे असे वाटते. माझ्या मते पानाचा हा तळ हीच सर्वांत भरवशाची खूण आहे, कारण ती बाराही महिने तपासता येते.

फुले दोघांचीही पुंकेसरांच्या झुबक्यांची असतात. गुलाबजांबाची फुले मोठी, हिरवट पांढरी असून फांद्यांच्या टोकांना चार-पाचच्या गुच्छात येतात आणि त्यांचे पुंकेसर 4 सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. जामाची फुले त्याहून लहान असतात व पाने गळून गेलेल्या जुन्या फांद्यांवरही धरतात.

फळाच्या रंगावर मात्र विसंबू नये, कारण जाम पांढरा, हिरवट, गुलाबी किंवा गडद लाल असू शकतो. गुलाबजांब गोलसर, फिकट पिवळा असतो आणि त्याला गुलाबपाण्याचा खराखुरा सुगंध येतो. पिकलेले फळ कानाशी धरून हलवले तर आतल्या पोकळीत सुटे झालेले बी खुळखुळते. हे बी खाऊ नये. जामाचा गर स्पंजासारखा व पाणीदार असतो आणि पुष्कळदा त्यात बी नसतेच.

लागवडीची रीतही त्यामुळेच बदलते. गुलाबजांबाचे बी फळातून काढल्याबरोबर पेरावे. एकाच बियेतून अनेकदा दोन-तीन कोंब येतात, ते अलगद वेगळे करून लावता येतात. जामासाठी आवडत्या झाडाच्या फांदीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला गुटी बांधावी, म्हणजे फांदीची साल गोलाकार काढून तिथे ओले शेवाळ गुंडाळून मुळे फुटू द्यावीत.